वेडेपणाच्या बाजूने

शहाण्या माणसानं 1976 साली ‘घाशीराम कोतवाल’वर चित्रपट काढला नसता. नाटक जेमतेम चार वर्षांचं आणि वादात सापडलेलं. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि 19 प्रयोगांनंतर, ज्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ते उभं केलं, तिनंच ते बंद केलं. कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा रंगमंचावर आणलं. अशा नाटकाला हात लावायचा तर नाव झालेला दिग्दर्शक हवा, ओळखीचे चेहरे हवेत, पैसे परत येण्याची खात्री हवी.

फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. दिग्दर्शनाला चौघे: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. कॅमेरेही चौघांच्या हाती. पटकथा खुद्द नाटककार विजय तेंडुलकरांची, नाना फडणवीस नाटकातलेच मोहन आगाशे, पण घाशीराम मात्र ओम पुरी नावाचा पंजाबी तरुण, ज्याला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. हा वेडेपणा मला मनापासून प्यारा आहे, आणि त्याची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

बेळगावच्या उद्यमबागेत मी ज्यांना ज्यांना हा चित्रपट दाखवला, त्यांची तक्रार एकच. ‘नाटकच बरं होतं की!’ नाटकात ब्राह्मणांची रांग पाठमोरी उभी राहिली की भिंत होते, वळली की पुणं होतं. भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर सगळा रंगमंच डोलतो. चित्रपटात तो ठेका कुठे आहे? कॅमेरा सावकाश सरकतो, माणसं लांब लांब दिसतात, आणि नाना हसला तरी आपल्याला हसू येत नाही.

ही तक्रार करणारे माझे मित्र फौंड्रीत काम करतात, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगतो. साच्यासाठी केलेला पॅटर्न कधी ओतीव कास्टिंगच्या मापाचा नसतो. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्नमेकर शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर जादा धरतो. वाळूत ठसा उमटला की पॅटर्न बाहेर काढून ठेवायचा असतो. तो आत ठेवून कुणी रस ओतत नाही. ‘युक्त’च्या मुलांनी नाटक असंच बाहेर काढलं. रंगमंचावर आपण भिंत, नाना आणि घाशीराम एकाच वेळी पाहतो आणि कुणाकडे बघायचं ते आपण ठरवतो. पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो. मग नाटकाची मजा जशीच्या तशी मागण्यात काय अर्थ आहे? ठेका गेल्यावर उरतं ते फार भयंकर आहे: कोतवालीसाठी पोटची पोर देणारा बाप, आणि ती घेऊन अधिकार देणारा सत्ताधीश. गाण्याच्या नादात नाटक पाहताना हा सौदा मला इतका थंड कधीच वाटला नव्हता.

दुसरी हरकत इतिहासाची. खरा घाशीराम सावळदास 1777 पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट 1791 मध्ये कोंडून ठेवलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्याच्या मुलीचा, ललितागौरीचा, सौदा मात्र तेंडुलकरांच्या कल्पनेतला. हे आपलं ऐतिहासिक नाटक नव्हे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. तरीही नाटकाच्या 1980 च्या युरोप दौऱ्याआधी नानांच्या बदनामीवरून रान उठलंच. नानांची चाड असणाऱ्यांवर माझा राग नाही. पण माणसं स्वतःच्या सोयीसाठी घाशीराम तयार करतात आणि काम झालं की त्याला जमावाच्या स्वाधीन करतात, हे सांगायला नानांचं पुणं वापरलं म्हणून इतिहासाचं काय बिघडलं? सीमाभागात राहणाऱ्याला तरी ही गोष्ट परकी वाटू नये.

हिशोबी माणसांचा सल्ला चालला असता तर हा चित्रपट निघालाच नसता, आणि निघाला असता तरी हरवला असता. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेच्या संग्रहात, आणि तिथूनच तो पुन्हा लोकांसमोर आला. ज्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं त्यांनी आपला मराठी चित्रपट सांभाळला.

आता बेळगाव-निपाणीतल्या वाचनालयांनी आणि नाट्यमंडळांनी एवढं करावं. एका संध्याकाळी पडदा बांधून हा चित्रपट दाखवावा, आधी नाटकाची गाणी लावू नयेत, आणि संपल्यावर लोकांना भांडू द्यावं.