दुसरा दांडा मिळणेबाबत

प्रति,
मायबाप शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : खानदेशातील समस्त ऐतिहासिक झेंड्यांस सरकारी आवारात स्वतंत्र दांडे मंजूर होणेबाबत.

संदर्भ : शिवस्वराज्य दिनाचा आपलाच शासन निर्णय.

महोदय,

वरील विषयी अर्ज करतो की, मी खानदेशातल्या एका तालुका कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालो. नाझर म्हणजे खुर्च्या, कुलपं, पाण्याचे माठ, व्हीआयपी आले तर पांढरे टॉवेल, आणि वर्षातून तीनदा झेंडा. 14 ऑगस्टच्या संध्याकाळी सगळे घरी गेले की मी आणि एक शिपाई दांड्याखाली उभे राहायचो. कप्पीला तेल, दोरीला ताण, आणि घडीत गुलाबाच्या पाकळ्या ठेवून अशी गाठ मारायची, की सकाळी साहेबांच्या एका हिसक्यात पाकळ्या खाली आणि कापड वर. गाठ नाही सुटली तर साहेबांचं काही जात नाही, नाझराचं जातं. झेंड्याकडे मी आयुष्यभर या बाजूने, म्हणजे खालून वर पाहत आलो. त्या अधिकारात हा अर्ज.

अर्जाचं निमित्त असं. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला, म्हणून 2021 पासून दर 6 जूनला प्रत्येक जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीत भगव्या स्वराज्यध्वजाची गुढी उभारावी, असं आपण ठरवलंत. ठरवण्याला ना नाही. पण आपण संहिताही पाठवलीत. झेंडा उंची सॅटिनचा, जरीचा, तीन फूट रुंद, सहा फूट लांब. त्यावर जिरेटोप, होन, जगदंब तलवार, शिवमुद्रा आणि वाघनखं. दांडा कमीत कमी पंधरा फुटांचा वासा किंवा बांबू. शिवाय सुवर्णकलश, गाठी, आंब्याची डहाळी, अष्टगंध, अक्षता. सकाळी नऊला चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा.

माझा पुतण्या रावेरच्या बाजूला ग्रामसेवक आहे. त्याचा फोन आला, "काका, पंधरा फुटी बांबू कुठून आणू?" म्हटलं, "केळीच्या मुलखात बसून बांबू विचारतोस? घडाला टेकू दिलेला असेल तो घे." तर म्हणे तो टेकू काढला आणि केळ पडली तर शेतकरी माझा पंचनामा करेल. त्याचंही खरं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे वळवाचं वादळ सुटतं आणि बागाच्या बागा आडव्या होतात. सहा फूट सॅटिन पंधरा फूट बांबूवर चढवलं की त्याला झेंडा म्हणत नाहीत, शीड म्हणतात. सकाळी नऊला गुढी, दुपारी वादळ आणि संध्याकाळी पडलेल्या केळींची मोजदाद, असा त्या पोराचा शिवस्वराज्य दिन साजरा झाला.

मुंबईतल्या एका वकिलांनी तेव्हा आक्षेप घेतला, की सरकारी इमारतीवर राष्ट्रध्वजाखेरीज दुसरा झेंडा चालणार नाही. त्यावर आपल्या बाजूने उत्तर तयार होतंच : हा ध्वज नव्हे, ही गुढी आहे. वा! चाळीस वर्षं शेऱ्यांची भाषा वाचलेल्या माणसाला हे वाक्य वाचून गहिवरून आलं. एका शब्दात फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. तेव्हा याच वाटेने आमच्याही काही गुढ्या मंजूर व्हाव्यात.

पहिला दांडा फारुकींचा. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी, पुढे बुऱ्हाणपूर. 1382 पासून 1601 पर्यंत दोनशेहून जास्त वर्षं खानदेशावर राज्य केलं. एवढी सलग सेवा आमच्या खात्यात कुणाची झाली नाही. दुसरा अकबराचा. त्याने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून आमच्या प्रांताचं नाव चक्क दानदेश करून टाकलं. नाव बदलण्याचा रोग तेव्हापासूनचा. तिसरा निजामाचा, 1752 च्या भालकीच्या तहात त्याने खानदेश पेशव्यांना सोडला तोवरचा. मग होळकर आणि शिंदे, त्यांना दोन दांडे द्यावे लागतील, एकावर भागणार नाही. शेवटी युनियन जॅक, 1818 ते 1947. धुळं आज जिल्ह्याचं ठिकाण आहे तेही कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने कचेरी तिथे थाटली म्हणून. उपकाराची फेड नको?

धरणगावकरांचं प्रकरण जरा अडचणीचं आहे. तिथे इंग्रजांची वखार होती आणि 1670 च्या दशकात मराठी फौजांनी ती लुटली. वखार लुटली याचा अभिमान म्हणून भगवा लावायचा, की पेठ आपलीच होती म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, यावर आपलं मार्गदर्शन व्हावं.

आणि ज्याचा खानदेशाशी काडीचा संबंध नाही, त्याचं काय? धुळ्यात एका चौकात टिपू सुलतानाच्या नावाने चौथरा उभा राहिला. 2023 च्या जूनमध्ये त्यावरून रान पेटलं आणि तो हटवण्यात आला. टिपू पांझरेकाठी कधी आला होता, हे बांधणाऱ्यांनी सांगितलं नाही आणि पाडा म्हणणाऱ्यांनी विचारलं नाही. दोघांनाही टिपूशी देणंघेणं नव्हतं, समोरच्या गल्लीशी होतं. झेंड्याचं बहुतेक वेळा असंच असतं. तो मेलेल्या राजासाठी लावलेला दिसतो, पण फडकतो शेजाऱ्याच्या तोंडावर.

या यादीत एक नाव नाही, हे आपल्या चाणाक्ष नजरेला दिसलंच असेल. हे सगळे झेंडे ज्यांच्या डोंगरावरून, ज्यांच्या रानातून गेले, त्या भिल्लांचा दांडा मी मागितलेला नाही. कारण त्यांनी मागितला नाही. त्यांच्या पोरांची इंग्रजांनी 1825 मध्ये पलटण केली, 1857 ला खाज्या नाईक इंग्रजांवर उठला, 1970 च्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या मागे ते हजारोंनी उभे राहिले. तेव्हा त्यांनी मागितली ती जमीन. दांड्यापुरती सोडून, उरलेली सगळी.

आता गंभीर मुद्दा, त्याशिवाय अर्ज दप्तरी दाखल होतो. आपण म्हणाल, नाझरसाहेब, तिरंगा तरी एके काळी वादग्रस्तच होता ना? होता. 1923 मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेवर तो चढवण्यावरून ठिणगी पडली आणि नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला. 1930 ला सोलापूर नगरपालिकेने तो आपल्या इमारतीवर लावला. आमच्या फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष. तिथे उंच खांबावर झेंडा मध्येच अडकला आणि शिरपूरकडच्या एका तरुणाने वर चढून तो मोकळा केला, असं खानदेशात अजून सांगतात. तो तरुण आमचा स्वयंसेवक होता असं संघवाले म्हणतात. म्हणोत. मला त्यात एकच प्रश्न पडतो : आदल्या रात्री कप्पीला तेल कुणी दिलं नव्हतं?

आणि नंदुरबार. तेव्हा ते पश्चिम खानदेशात होतं, वेगळा जिल्हा 1998 ला झाला. 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन निघाला, वय सोळाही पुरं नाही. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास गेले. नोकरीत असताना कुणी नवा कारकून झेंड्याची घडी निष्काळजीपणे कोंबायला लागला, की मी त्याला ही पाच नावं म्हणायला लावायचो. चिडायचे. पण घडी नीट घालायचे.

तर मुद्दा असा, की त्या पोरांनी दुसरा दांडा मागितला नव्हता. युनियन जॅकशेजारी आमचंही एक कापड फडकू द्या, अशी त्यांची विनंती नव्हती. सगळ्यांचा म्हणून एकच दांडा असावा, एवढ्यासाठी ते गेले. तो दांडा मिळाला. आता आम्ही त्याच्या शेजारी खड्डे खणतोय.

बेळगावात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. 2020 च्या डिसेंबरात महापालिकेसमोर कन्नड संघटनांनी लाल-पिवळा झेंडा उभा केला. आपण इथून ओरडलो, सरकारी आवारात हे कसं चालतं? बरोबर ओरडलो. फक्त तिथला आवाज आपल्याच भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. तिकडे अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनावर गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्यांचा झेंडा 1960 च्या दशकापासून होता. 2000 साली तो घुमटावरून काढून आवारातल्या स्मारकाशेजारी लावला. मधला मार्ग. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांचा खून झाला, तेव्हा कुठे तो उतरवून संग्रहालयात नेला आणि खांबही उपटला. घुमटावरून आवारात यायला जवळपास चाळीस वर्षं आणि आवारातून बाहेर जायला नऊ मुडदे लागले. आपल्याकडे धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाला तिथे कपाट आहे, वाळवीचं औषध आहे, वाचणारी माणसं आहेत. दांड्यावर यातलं काही नसतं, नुसता वारा.

भगवा मला परका नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माझ्याच दारात दांडा यायचा. चैत्रात आमच्याकडची माणसं सप्तशृंगीला पायी जातात. उन्हात डांबर वितळतं, पायाला फोड येतात, खांद्यावर भगवं निशाण असतं. मीही गेलो आहे. त्या निशाणाची लांबी-रुंदी कुणी ठरवून दिलेली नाही.

कचेरीत मात्र मी वेगळं पाहिलं. मोर्चे यायचे. लाल बावटा, निळा, भगवा, हिरवा, पिवळा, सगळे फाटकापर्यंत. फाटकात पोलीस म्हणायचा, पाच जण आत चला, झेंडे बाहेर ठेवा. मग पाच जण आपले झेंडे भिंतीला टेकवून आत यायचे. बाहेर एकाच भिंतीला सगळे रंग टेकलेले असायचे आणि आत सातबारा, रेशनकार्ड, वनहक्काचा दावा. साहेब खडूस असला तरी आलेल्याला आधी माठातलं पाणी मिळायचं. पाणी देताना मी कधी कुणाला, तू कोणत्या रंगाचा, असं विचारलं नाही. आवारात दुसरा दांडा रोवला गेला असता तर ते विचारावं लागलं असतं का, हे मला ठाऊक नाही. पण येणाऱ्याने तरी आत पाऊल टाकण्याआधी वर पाहिलं असतं.

जुना झेंडा फाटला की तो टाकता येत नाही. एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून संपवायचा असा नियम आहे. आम्ही रविवारी कचेरीमागे जायचो, मी आणि तो शिपाई. त्याचं नाव सांगत नाही, पण त्याचे पूर्वज वरच्या यादीतल्या कुठल्या दांड्याखाली उभे होते हे आपण एका दमात ओळखलं असतं. खादी हळूहळू जळते. पुरी राख होईपर्यंत आम्ही दोघं उठत नसू.

तरी वरील सर्व दांडे मंजूर व्हावेत, अथवा एकही होऊ नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त नाझर, खानदेश

ता.क. : दोन्ही जमत नसेल तर आहे त्या दांड्याच्या कप्पीला तेल देण्यासाठी पन्नास रुपये तरी मंजूर करावेत. निवृत्त होण्याआधी मी खिशातून दिले होते, ते बिल अजून आलेलं नाही.