हशासाठी थांबा

इंग्रजी शिकवण्याचं खातं तर्खडकरांच्या पाठमालेकडून काढून आता ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेकडे सोपवलेलं दिसतं. 1994 ते 2004 या काळातले 236 भाग, आणि व्याकरणाचा छळ नाही. पुरावा म्हणून ‘बीटीएस’ या कोरियन बँडचा आरएम आहेच. त्याच्या आईने मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या. आधी कोरियन सबटायटल, मग इंग्रजी, मग तीही बंद. गड्याने 2018 मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांत इंग्रजीतून भाषण ठोकलं. आपली मंडळी त्याच वाटेने निघालीत, फक्त डीव्हीडीऐवजी रील, आणि सबटायटल बंद करायचा टप्पा पुढच्या आठवड्यात.

शब्दसंग्रह मात्र झकास होतो. प्रेम जुळवणं, मोडणं, कॉफी मागवणं, मित्राचा पाणउतारा करणं, सगळं तोंडपाठ. रजेचा अर्ज तेवढा अडतो. अडणारच, मालिकेतला चँडलर नेमकी काय नोकरी करतो हे त्याच्या जिवलग मित्रांनाही सांगता येत नाही, तिथून ऑफिसचं इंग्रजी कसं उचलणार?

शिवाय टोमणा मारून क्षणभर थांबायची सवय लागते. मालिकेतली पात्रं थांबत, कारण बरबँकच्या स्टुडिओत समोर हसणारे प्रेक्षक असत. मीटिंगमध्ये समोर साहेब असतात.