दीर्घदर्शी

पुण्याच्या जुन्या पेठांत, जेथे वाडा मालकाच्या ताब्यात असतो की मालक वाड्याच्या, याचा निकाल अद्याप कोणत्याही कोर्टात लागलेला नाही, तेथे प्रत्येक आळीत एक तरी दीर्घदर्शी गृहस्थ नांदत असतो. घर दुरुस्त करू पाहणाऱ्या सामान्य माणसाची दृष्टी पुढल्या मृगापलीकडे जात नाही. कौल फुटले तर कौल बदलावे, गिलावा सुटला तर गवंड्याला सांगावा धाडावा, एवढाच त्याचा आवाका. दीर्घदर्शी मात्र कौलाला हात लावण्यापूर्वी, त्या कौलाखाली नातवंडांच्या काळात कोण निजलेले असेल, याची खानेसुमारी करून ठेवतो.

हा गृहस्थ बहुधा सरकारी कचेरीतून पेन्शनीत निघालेला असतो, आणि कचेरी सुटली तरी कचेरीतले वळण काही सुटलेले नसते. माझ्या परिचयातील दीर्घदर्शींनी घराच्या पुनर्रचनेचे एक स्वतंत्र दप्तरच उघडले होते, व कुटुंबातील कोणाचेही गाऱ्हाणे त्यात रीतसर दाखल झाल्यावाचून त्याचा विचार होत नसे. न्हाणीघराची मोरी तुंबते, अशी तक्रार त्यांच्या पत्नीने केली, तेव्हा त्या तक्रारीवर त्यांनी स्वहस्ते मारलेला शेरा मी वाचला आहे: 'दीर्घकालीन योजनेत समाविष्ट. तूर्त कार्यवाहीची आवश्यकता दिसत नाही.'

या दप्तरातील एकेक कलम सुटे करून पाहिले, तर त्यात खोट काढणे कठीण. वार्धक्यात चाकांची खुर्ची आलीच, तर ती सुखाने आत-बाहेर व्हावी म्हणून दारे तीन फूट रुंद असावीत. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत नसावी. पुढेमागे आधाराचा दांडा बसवावा लागेल, तेव्हा भिंतीत सागवानी ठोकळे आजच चिणून ठेवावेत, हे सारे कोणत्याही शहाण्या माणसाने मान्य करावे असेच आहे. घोटाळा होतो तो ही शहाणी कलमे एकाच वाड्यात एकत्र नांदवू गेल्यावर. उदाहरणार्थ, जिना. जुन्या वाड्याचा जिना म्हणजे भिंतीच्या पोटात कोंबलेला काळोख; नऊ-दहा इंची पायऱ्या, आणि चढणाऱ्याने जिवाच्या आकांताने धरावयाचा एक दोर. दीर्घदर्शींनी म्हाताऱ्या गुडघ्यांचा विचार करून पायरीची उंची सहा इंच व रुंदी अकरा इंच मुक्रर केली. मजल्याची उंची दहा फूट, तेव्हा चढ वीस झाले. एकोणीस पायऱ्यांची लांबी सतरा फूट पाच इंच भरली. आणि माजघराची लांबी चौदाच फूट असल्याने उरलेला जिना शेजाऱ्यांच्या देवघरात उतरू लागला. शेजारी भाविक असले तरी या योजनेस त्यांची संमती मिळेना, म्हणून हे कलम 'वाटाघाटी चालू' या सदराखाली वर्ग करण्यात आले.

निसर्गानेही या दप्तराची उपेक्षा केली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा लोकांनी चिखल उपसला व पुन्हा चुली पेटविल्या. दीर्घदर्शींनी भिंतीवरची पाण्याची रेघ मोजली आणि घराचे जोते तिच्याही वर दोन फूट नेण्याचा ठराव केला. तसे केल्यास सबंध तळमजला भरावाखाली जाणार होता, म्हणजे वृद्धांनी ज्या तळमजल्यावर वास्तव्य करावयाचे, तोच नाहीसा होणार होता. परंतु या किरकोळ विसंगतीसाठी एक पुरवणी जोडली की भागते, असे त्यांचे मत पडले. पुढे १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, पुण्यातही पहाटे फडताळातील भांडी खणखणली, आणि दारांच्या माथ्याच्या पातळीवर सर्व भिंतींना बांधून घेणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याची दुसरी पुरवणी तयार झाली. हा पट्टा शास्त्राला धरूनच होता, पण पांढऱ्या मातीच्या ज्या भिंतींवर तो बसवावयाचा, त्यांची स्वतःलाच सावरून धरताना दमछाक होत होती.

पट्ट्यासाठी सिमेंट हवे, आणि सिमेंट तर परवान्याखेरीज मिळत नसे. अर्ज, स्मरणपत्रे व समक्ष भेटी यांच्या बळावर दीर्घदर्शींनी वीस पोती मिळविली, आणि आपल्या योजनेची मुदत लक्षात घेऊन ती परसातल्या पडवीत रचून ठेवली. दोन पावसाळ्यांत ती पोत्यांच्या आकाराचे पाषाण झाली. त्यांपैकी एकावर अद्याप धुणे धुतले जाते, व माझ्या मते सबंध योजनेतील प्रत्यक्ष उपयोगात आलेले काम तेवढेच होय.

नाही, आणखी एक आहे. दीर्घदर्शी एका लग्नानिमित्त चार दिवस नाशिकला गेले असता त्यांच्या पत्नीने गवंड्याला बोलावले, त्याच्यासमोर ताठ उभी राहून हात कोपरात दुमडला, कोपराच्या वीतभर खाली भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली, आणि म्हणाली, "इथवर ओटा घाल. आता बसून पोळ्या लाटवत नाहीत." तिसऱ्या दिवशी कडाप्प्याचा ओटा तयार. परतल्यावर दीर्घदर्शींनी टेप लावला, उंची तीस इंच भरली, तेव्हा त्यांनी दप्तर काढून 'स्वयंपाकगृह : पहिला टप्पा पूर्ण' अशी नोंद केली व खाली दिनांकासह सही ठोकली. बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या माडीवर एक भाडेकरू होते. भाडेनियंत्रणाच्या तेव्हाच्या कायद्याने त्यांचे भाडे १९४० सालच्या दरावर थिजलेले असल्यामुळे, ते आपण होऊन जातील ही आशा अन्य मालकांप्रमाणे दीर्घदर्शींनी बाळगली नाही. नकाशात भाडेकरूंच्या नातवासाठी अभ्यासाची खोली दाखविलेली होती. या एका बाबतीत त्यांच्या द्रष्टेपणाला मी मनापासून वंदन करतो.

दरवर्षी दिवाळी उलटली की वृद्ध मिस्त्री मापे घ्यावयास येई. एके वर्षी त्याला मोतीबिंदूने गाठले, म्हणून त्याने मुलाला पाठविले. पोरगा तरतरीत, आत येताच त्याने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "तात्या, आधी ही कौलं बदलून घेऊ का? दोन दिवसांचं काम आहे." दीर्घदर्शींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले, वय विचारले, बोटांवर कसलासा हिशेब केला, आणि समाधानाने मान हलवून म्हणाले, "ते राहू दे. तुझं लग्न झालंय का?"