प्रयोजन : खेळ (तात्पुरता)

जानेवारी 2019 मध्ये 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. कोणाला बोलावलं आणि कोणाचं निमंत्रण मागं घेतलं, यावर तेव्हा एवढी शाई सांडली की एक अस्सल स्थानिक वाङ्मयप्रकार मंडपाबाहेरच राहून गेला. बगिच्यातली पाटी! पत्र्यावर निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं आणि तळाला ‘आदेशावरून’. आदेश कोणाचा, तो भाग गंजानं खाल्लेला. फुले तोडू नये, हिरवळीवर चालू नये, मोठ्यांनी झोक्यावर बसू नये, चेंडू खेळू नये. पैकी हिरवळीचा नियम आमच्याकडे शंभर टक्के पाळला जातो, कारण हिरवळच नाही. झोक्याचाही पाळला जातो. साखळ्या आहेत, पाट गेला आहे. उरला चेंडू. तेवढ्या एका नियमावर चौकीदाराची सगळी नोकरी उभी.

“येथी कायले खेळता बे पोट्टेहो? मैदानावर जा ना!”

सल्ला रास्त आहे. म्हणून गल्लीतल्या पोरांनी मैदान रीतसर मागायचं ठरवलं. कोणत्या गावात आणि कोणत्या कार्यालयात ते विचारू नका. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, ज्यानं त्यानं आपापला समजून घ्यावा.

बाबूनं अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला.

“प्रयोजन, टेनिस बॉलची मॅच. उद्घाटक कोण हाय?”

“उद्घाटक नाई, साहेब.”

“बक्षीस कोण देऊन राह्यलं?”

“बक्षीसबी नाई.”

“मंग लोक कायले येतीन?”

“लोक नाई येत. आमी बावीस जण खेळतो न्‌ घरी जातो.”

बाबू खरोखरच चक्रावला. पाच हजार माणसं मावणारं मैदान बावीस जणांना द्यायचं, तेही नुसतं पळायला? त्यानं अर्जाच्या कोपऱ्यात ‘चर्चा करावी’ असं लिहिलं. कोणी कोणाशी करावी, हे लिहिलं नाही.

दारातल्या शिपायाला मात्र अनुभव दांडगा. पोरं बाहेर आल्यावर तो म्हणाला, “भौ, खेळ लिवू नोका. महोत्सव लिवा. न्‌ चषकाले सायबाचं नाव टाका.”

आणि खरंच, नाव पडताच मैदान मोकळं झालं. रोलर फिरला, चुन्याची रेघ पडली, रात्रीचे दिवे लागले. सकाळी आठची मॅच साहेब येईपर्यंत अकरावर गेली, तेवढं चालायचंच. साहेबांनी बॅट धरली. समोर गल्लीतला सगळ्यांत वेगवान गोलंदाज. त्यानं असा चेंडू टाकला की आंधळ्यानंही चौकार मारावा. मैदान कसं मिळतं, हे एव्हाना त्याला कळलं होतं.

आपल्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. 2021 मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली, चारही निर्धाव, वर दोन बळी. क्रिकेटच्या जगानं तोंडात बोट घातलं. आम्हाला फारसं नवल वाटलं नाही. मैदानाच्या अर्जाला एकही धाव काढू न देणारी टेबलं आम्ही लहानपणापासून पाहत आलोय.

मैदान रिकामं असतं कधी, हाही प्रश्नच. नवरात्रात यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे कोलकात्यानंतर आम्हीच, हे आम्ही भेटेल त्याला सांगतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मग रावण जळतो, फटाक्यांची दुकानं लागतात, आकाशपाळणा येतो, कृषी प्रदर्शन येतं, सप्ताह बसतो, सभा होते, एखाद्या वजनदार घरचं लग्न लागतं. त्यानंतर मैदान पोरांचं. तेव्हा मे महिना असतो, पारा 45 वर. जूनमध्ये काळ्या मातीचा रेंदा.

याबाबत कायदा नाही असं कोणी समजू नये. राज्याच्या नगररचना कायद्यात कलम 37-अ आहे. मैदानाचा खेळाशिवाय दुसरा वापर करायचा तर तो तात्पुरता, एका वेळी 12 दिवसांच्या वर नाही आणि वर्षात मिळून 30 दिवस, अशी मर्यादा त्यात मुळात घातली होती. म्हणजे मैदान पोरांचं, बाकीचे सगळे पाहुणे, अशी या कलमाची समजूत. ते लिहिणारा माणूस लहानपणी भरपूर खेळलेला असावा.

मुंबईत तरी वेगळं काय आहे? 2022 च्या दसऱ्याला शिवाजी पार्क कोणाचं, यावर शिवसेनेचे दोन्ही गट भांडले. महापालिकेनं कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन दोघांनाही नकार दिला आणि शेवटी उच्च न्यायालयानं ठाकरे गटाला परवानगी दिली. वाहिन्यांवर दिवसरात्र चर्चा झडल्या. ज्या मैदानावर सचिन घडला, तिथं त्या दिवशी नेट्स लागणार की नाहीत, असा प्रश्न एकाही चर्चेत निघालेला आमच्या कानावर आला नाही.

मैदानाच्या बाबतीत नशीब काढलं ते बैलांनी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, 2021 मध्ये अटींवर सुरू केल्या आणि 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. आता शंकरपट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, अनामत रक्कम लागते, बैलांना पशुवैद्यकानं तपासावं लागतं. काठी नाही, चाबूक नाही. आणि धाव जास्तीत जास्त 1000 मीटर, कारण त्यापुढं मुक्या जनावराला त्रास होतो. उत्तम नियम आहेत, मनापासून सांगतो.

पोलीस भरतीचं पोरगं 1600 मीटर धावतं. बैलापेक्षा 600 जास्त.

त्याला कोणी तपासत नाही. पहाटे पाचला ते मैदानावर येतं तेव्हा आदल्या रात्रीचा मंडप नुकताच निघालेला असतो. बांबूचे खड्डे उघडेच, कनातीचे खिळे मातीत उभे, पत्रावळींवर कुत्र्यांची भांडणं. पळताना नजर घड्याळावर ठेवायची की पायाखाली, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शेजारी दुसरा 7.26 किलोचा गोळा फेकतो, तो नेमका मंडपाच्या खड्ड्यात जातो आणि दोघं मिळून काढतात. पुढं भरती होऊन याच पोराला याच मैदानावर सभेचा बंदोबस्त लागेल, तेव्हा खड्डे कुठं आहेत ते त्याला सांगावं लागणार नाही.

नव्या वस्त्यांत तरी जागा असेल, असं वाटतं. लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते आणि नकाशात ती हिरवीगार दिसते. तिथं आधी एक दगड येतो, दगडाला शेंदूर लागतो, शेंदरावर टिनाचं छप्पर चढतं, छपराला सभामंडप जोडला जातो, आणि कोपऱ्यात कोनशिला बसते. उरलेल्या चार फुटांत ओपन जिम. पोरांनी तिथं चेंडू काढला की आत भजनाला बसलेल्या काकू ओरडतात, “मैदानावर जाऊन खेळा ना रे!”

तेव्हा शासनाला आमची नम्र विनंती आहे. नियम कडक करा, असं आम्ही म्हणत नाही. कडक नियम बगिच्यात पुष्कळ झाले. कलम 37-अ फक्त उलटं करून घ्या. मैदानाचा मूळ वापर मंडप, असं सरळ लिहा, आणि मुलांना तिथं खेळण्याची तात्पुरती मुभा द्या. वर्षाला 30 दिवस पुरतील. सलग 12 दिवस नकोत, मधे चाचणी परीक्षा असते. अनामत रक्कम पोरं वर्गणी काढून भरतील. मंडपाचे खड्डेही तेच बुजवतील, तेवढे खिळे कंत्राटदारानं उचलून न्यावेत.