सेव्हचं बटण पळालं हो!

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. ज्या अकाउंट्सवाल्यांनी जन्मभर व्हीलुकअपपलीकडे मान वर करून पाहिलं नाही, ती सज्जन माणसं हल्ली ऑफिस सुटल्यावर दार लोटून मागं थांबतात आणि विंडोजच्या एपीआयला हाका मारतात म्हणे. जीएसटीचं रिटर्न राहिलंय, बँक रिकन्सिलिएशन एप्रिलपासून लटकलंय, आणि हे गुंतलेत कशात? तर एक्सेलचा मॅक्रो फॉर्म प्रत्येकाच्या स्क्रीनवर नीट मावावा, यात!

बटणाचं प्रकरण तर उघड झालंच आहे. फॉर्म बनवणारा गडी बसतो 1920 बाय 1080 च्या मॉनिटरपुढे. फॉर्मची मापं पॉइंटांत, इंचाला 72. स्क्रीनचा हिशेब पिक्सेलांत, नेहमीच्या सेटिंगला इंचाला 96. याने हौसेने 700 पॉइंट उंचीचा फॉर्म केला, म्हणजे जवळपास 933 पिक्सेल. त्याच्याकडे ऐसपैस बसला. तोच फॉर्म साहेबांच्या 1366 बाय 768 च्या लॅपटॉपवर उघडला आणि बुडाचा भाग स्क्रीनखाली गडप. बुडाशी काय असतं? सेव्ह आणि कॅन्सल! सगळे रकाने भरून झाले आणि बटणंच फरार. फॉर्म वर सरकवावा, तर टायटल बार स्क्रीनबाहेर ओढायला विंडोजची परवानगी नाही. स्टोअर्समधल्या ताई म्हणे शेवटच्या रकान्यातून टॅब मारतात, देवाचं नाव घेतात आणि एंटर ठोकतात. एक टॅब जास्त पडला तर एंटर कॅन्सलवर. अख्खं चलन गेलं! भरल्या ऑफिसात हे प्रकार, बोला.

खोट मुळात घराण्यातच आहे. हा मॅक्रो फॉर्म, म्हणजे यूजरफॉर्म, आला एक्सेल 97 बरोबर, 800 बाय 600 च्या जमान्यात. कडा धरून ओढायची सोय नाही, मॅक्सिमाइझचं बटण नाही, कोपऱ्यात एक फुली तेवढी. आता सरळ मार्ग नाही म्हटल्यावर माणसं मागल्या दाराने जाणारच. विंडोजच्या दफ्तरी या फॉर्मची नोंद ‘थंडरडीफ्रेम’ अशी आहे. फाइंडविंडोने त्याला गाठायचं, गेटविंडोलाँगने त्याची शैली काढायची, तीत जाड चौकटीचा बिट घुसवायचा आणि सेटविंडोलाँगने परत ठेवून द्यायचं. हे सगळं बी.कॉम. झालेली माणसं करतात! शिवाय हा मंत्र जुन्या फाइलीतून उचललेला असला, तर 64 बिटच्या ऑफिसात डिक्लेअरच्या सगळ्या ओळी लालभडक. ‘पीटीआरसेफ’ घालायचं राहिलेलं असतं.

झूमवाल्यांचा कंपू वेगळाच. 10 ते 400 टक्के झूम मिळतो म्हणून खूश, पण तो आतला मजकूरच फुगवतो, फॉर्म आहे तेवढाच राहतो. पोट सुटलं आणि सदरा जुनाच! रुंदी-उंची वेगळी गुणावी लागते, हे बटणं तटतटल्यावर कळतं.

आणि गुणोत्तरवाले? ते स्वतःला फार शहाणे समजतात. गेटसिस्टममेट्रिक्सने स्क्रीन मोजतात, भागाकार करतात आणि एकेका कंट्रोलला धरून त्याची जागा, रुंदी, उंची, फाँट सगळं त्या पटीत बदलतात. लिस्टबॉक्स रुंद होतो, आतले कॉलम मात्र होते तिथेच. त्यात कुणी मूळ मापं टॅगमध्ये जपून ठेवायच्या ऐवजी दर रिसाइझला आत्ताच्याच मापांना गुणत बसलं, की कडा चारदा ओढल्यावर फॉर्म वेडावाकडा होतो. एकाने तर पटीऐवजी वजाबाकीने मापं काढली आणि फॉर्म इतका लहान केला, की टेक्स्टबॉक्सची उंची शून्याखाली गेली. रनटाइम एरर 380!

मराठीची अब्रू तर पार चव्हाट्यावर. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी झेपत नाही, लेबलावर टाइप करा, पाच प्रश्नचिन्हं हजर. म्हणून लेबलं एका लपवलेल्या शीटवर लिहायची आणि फॉर्म उघडताना तिथून आणायची, अशी चोरवाट निघाली. वाट चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण लेबलाची उंची पटीत घटली आणि फाँट तेवढाच राहिला, की ‘पुरवठा’चा उकार तळाशी कापला जातो. इंग्रजीच्या मापाने आखलेली लेबलं ही. खालीवर मोकळी जागा सोडायला कुणाचं मन होत नाही.

खरं सांगू? डिस्पॅचच्या एका पोऱ्याने फॉर्मच मुळात 1366 बाय 768 मध्ये मावेल एवढा केला. मल्टिपेज टाकलं, तीन टॅब केले, सेव्हचं बटण वरच्या कोपऱ्यात बसवलं आणि सहाला घरी गेला. त्याच्या फॉर्मची तक्रार नाही, पण त्याच्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकवत नाही. एपीआयची एक ओळ नाही म्हणे! हौस म्हणून नाही पोराला! मला विचाराल तर जावई करून घ्यावा असा मुलगा.

पण सध्या त्याला विचारतो कोण? साहेबांच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी 4के मॉनिटर आलाय. लॅपटॉपचं स्केलिंग 125 टक्के, मॉनिटरचं 150. फॉर्म या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर ओढला की तो कोणाचं माप मानणार, यावर अकाउंट्समध्ये दोन तट पडलेत, आणि रिकन्सिलिएशन आता दिवाळीनंतर.