दारोदारचा व्यवसाय

जळगावात कुणाला सांगितलं की मी व्यवसायोपचार करते, तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो. सोन्याचं आणि केळीचं गाव आमचं. इथे प्रत्येकाचा व्यवसाय थोडाफार आजारी असतोच. एका काकांनी तर उधारी थकली असेल तर किती बैठका लागतील, असं अगदी मनापासून विचारलं होतं. मग मी ‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणते, ते ‘म्हणजे फिजिओच ना’ म्हणतात आणि मी मान डोलावते. खरं तर लकवा मारलेला हात किती वर उचलला जातो यापेक्षा त्या हातानं सदऱ्याची गुंडी लागते का, याची आम्हाला जास्त काळजी.

तर सध्या माझ्या डोक्यात फिरतं काम करायचं खूळ आहे. गिरणेच्या पुलावरून पलीकडे जायचं : सोमवारी एरंडोल, बुधवारी पारोळा, शुक्रवारी धुळं. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. रेल्वेनं धुळ्याला जायचं म्हटलं तर चाळीसगावचा वळसा, तेव्हा आपली गाडी बरी. वारांचं कोष्टक मांडायलाच दोन संध्याकाळी गेल्या. आठवडे बाजाराचा दिवस टाळावा तर आसपासच्या खेड्यातली माणसं नेमकी तेव्हाच गावात येतात. धरावा तर जिला सगळं शिकवायचं ती घरातली सून बाजारात.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत हेच करते. एजन्सी तिला तेरा आठवड्यांसाठी एखाद्या गावी पाठवते, राहायची सोय करते, मग पुढचं गाव. तेरा हा आकडा ऐकून सासूबाईंच्या मनात भलतंच आलं. वर त्या म्हणाल्या, “दारोदार फिरायचं? मग बोहारणीत आणि तुझ्यात फरक काय? ती निदान भांडं देऊन जाते.”

याला उत्तर नव्हतं. मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी इथे लग्न करून कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येची देशातली पहिली शाळा काढली. त्या साता समुद्रापलीकडून आल्या आणि मला पारोळ्याला जाववू नये? सासूबाई म्हणाल्या, “त्या आल्या त्या राहिल्या. रोज जाऊन-येऊन करत नव्हत्या.”

खूळ डोक्यात शिरलं ते मात्र कमलाबाईंमुळे नाही, पारोळ्याकडच्या एका आजींमुळे. डावी बाजू गेलेली. आठवड्यातून दोनदा नातू त्यांना एसटीनं जळगावला आणायचा आणि मी त्यांच्याकडून लाकडी ठोकळे उचलून डब्यात टाकून घ्यायची. सहा आठवडे. ठोकळे छान पडू लागले, मी वहीत ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं. तेव्हा आजी म्हणाल्या, “माय, तुना ठोकळास्नी भाकर व्हस का?”

म्हणून एकदा घरी गेले. बघते तर ओटा नाहीच. चूल जमिनीवर, आजी पाटावर, पुढ्यात परात. उजवा हात कळण्याच्या पिठाचा गोळा थापतो आणि परात निसटून भिंतीकडे पळते, कारण तिला धरून ठेवायचं काम डाव्या हाताचं. माझ्या हॉलमध्ये परातही नव्हती आणि तिला पळायला जमीनही नव्हती. मी फडकं ओलं करून पिळलं, परातीखाली अंथरलं. परात थांबली. डाव्या तळव्याची कड भाकरीला नुसती टेकवून ठेवायला सांगितलं, टेकवून टेकवून ती हळूहळू फिरू लागली. उलथन्याची दांडी बारीक होती, तिला नातवानं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली. भाकरी गोल झाली म्हणणार नाही. बरीचशी खान्देशच्या नकाशासारखी झाली. पण तव्यावर फुगली. ठेच्याबरोबर पहिली मला वाढली आणि दुसरी मला न विचारता वाढली. सहा आठवड्यांच्या ठोकळ्यांबद्दल कुणीच काही बोललं नाही, हा त्या घराचा मोठेपणा.

इथवर सगळं फिरण्याच्या बाजूनं. विरुद्ध बाजूला मे महिना. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. घरटी एक चहा, सहा घरं, सहा चहा. फी म्हणून कधी पैसे, कधी केळ्यांची फणी. आणि जळगावच्या बाईला केळी देणं म्हणजे गंगेला घागर. शिवाय हाताला बांधायची पट्टी करतो ते प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडतं आणि हवं त्या आकारात बसतं, हा त्याचा गुण. तो गुण त्यानं मागच्या महिन्यात एरंडोलच्या उन्हात, बंद डिकीत दाखवला. नवीकोरी महाग पत्री स्टेपनीवर पसरून तिच्याच आकाराची झाली. स्टेपनीला कसलाही लकवा नव्हता.

ती पत्री घरी आणली तेव्हा सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि माठाच्या तोटीखाली ठेवून दिली. थेंब बरोबर खोलगट भागात पडतात. परवा तिथलंच पाणी तुळशीला घालता घालता त्या म्हणाल्या, “बुधवारी पारोळ्याला जाशीलच, तर त्या आजींना म्हणावं, शेरभर कळण्याचं पीठ दळून ठेवा. आपल्या गिरणीवाल्याला उडदाचं प्रमाण कळत नाही.”

बुधवारी जायचं, असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.