तीर इकडे, धनुष्य तिकडे

चांदूर रेल्वेपासून समुद्र सातशेक किलोमीटर. मुंबई-हावडा मार्गावर गाव असल्यामुळे समुद्राकडे धावणाऱ्या गाड्या रोज डोळ्यांदेखत जातात. त्यातल्या बऱ्याच आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तरी कोणाला कशाचं वेड लागेल याचा नेम नसतो. मला लागलं जुन्या लढाऊ जहाजांचं, त्यातही या नौदलातून त्या नौदलात गेलेल्यांचं.

वाटणी हा विषय वऱ्हाडातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. धुरा हातभर सरकला की भावाभावांच्या दोन पिढ्या कोर्टात. म्हणून १९४७ साली रॉयल इंडियन नेव्हीची वाटणी कशी झाली, ते मी घरचा फेरफार वाचावा तसं वाचलं. नद्यांची नावं असलेली सहा जहाजं होती. स्लूप म्हणत त्यांना, पुढे ती फ्रिगेटमध्येच गणली गेली. सतलज, जमना, कृष्णा आणि कावेरी भारताकडे राहिल्या. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या. त्र्यंबकेश्वरची गोदावरी निघाली कराचीला! तिकडे गेल्यावर तिची झाली सिंध आणि नर्मदेची झेलम. पंजाबातून पाकिस्तानात शिरणारी सतलज मात्र आपल्याच नौदलात. वाटणी करणाऱ्याने नकाशा बघितला असेल असं काही वाटत नाही.

खरी गंमत पुढेच. ब्रिटनमधल्या नद्यांची नावं मिरवणाऱ्या काही फ्रिगेट महायुद्धाच्या अखेरीस इकडे आल्या होत्या. बॅनची तीर झाली, ट्रेंटची कुकरी, नॅडरची शमशेर, डेव्हरॉनची धनुष. वाटणीत तीर आणि कुकरी आपल्याला मिळाल्या. शमशेर आणि धनुष त्यांना.

शेजारचे काका ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना हे सांगितलं तर हात थांबला.

"म्हंजे धनुष्य त्यायनं नेलं न् तीर आपल्यापाशी राह्यला?"

"हो ना काका."

"मंग आता दोघायनंबी काय करावं?" एक किडकी शेंग बाजूला टाकत ते म्हणाले, "बरंच झालं. झगडाच मिटला."

झगडा काही मिटला नाही, हे काकांनाही ठाऊक आहे. पण तीरचं पुढे खरोखरच भलं झालं; नौदलाची पोरं तिच्यावर दर्यावर्दीपणा शिकली. कुकरी १९५१ पासून इन्व्हेस्टिगेटर या नावाने समुद्राची मोजणी करत फिरली. भूमापन खात्यात बदली झालेला फौजदारच म्हणा! शमशेरचं नाव फारसी, म्हणून ते तिकडे आहे तसंच चाललं. धनुषची मात्र झुल्फिकार झाली.

गोदावरी गेली, पण नाव सोडवेना. १९५३ मध्ये आपण ब्रिटनची बिडेल नावाची विनाशिका आधी उसनी आणली, मग विकत घेतली, आणि तिचं नाव ठेवलं गोदावरी. ही बाई त्याआधी श्लोंझाक नावाने पोलंडच्या नौदलात होती आणि १९४२ मध्ये फ्रान्समधल्या दिएपच्या चढाईत लढून आली होती. तिसरी गोदावरी मुंबईच्या माझगाव गोदीत जन्मली, म्हणजे अस्सल घरची फ्रिगेट. १९८३ मध्ये सेवेत आली, १९८८ मध्ये मालदीवचं सरकार उलथवायला निघालेल्या भाडोत्री सैनिकांचं पळतं जहाज तिने गाठलं, आणि २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. नुसतं गोदावरी म्हटलं तर कळायचं कसं? आम्ही 'चांदूर' म्हणून थांबत नाही. थांबलो तर पाहुणा चांदूर बाजारला जाऊन पोचतो.

तसा आमचाही थोडा हक्क आहेच. चांदुरात पडलेला पाऊस वर्धेला जातो, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. काकांनी तो दावा ऐकून घेतला आणि सोडून दिला. त्यांना वेगळाच हिशेब लावायचा होता.

"ते तिकडं गेलेली, सिंध, तिचं काय झालं?"

"भंगारात गेली."

"अन् आपली ते पोलंडवाली?"

"तीही भंगारात."

"तीर? धनुष?"

"दोन्ही."

काकांनी सूप उचललं. "मंग वाटनी तं बराबरच झाली नं बे."